विरळ जाती आणि ओसरत्या जाती : युरोपातील नामशेष होण्याच्या धोक्याचे मूल्यमापन

एखादी वन्य जाती संख्येने थोडी आहे का, आणि ती नाहीशी होण्याच्या वाटेवर आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पर्वताच्या एकाच उतारावर उगवणारी वनस्पती थोडक्या संख्येने हजारो वर्षे सुखरूप राहू शकते, तर शेताशेतांत दिसणारा पक्षी लाखोंच्या संख्येत असूनही माणसाच्या एका हयातीत निम्म्याहून खाली येऊ शकतो. हा भेद आज सरळ वाटत असला, तरी तो शास्त्रीय व्यवहारात रुजायला विसावे शतक सरत आले. आणि ज्या खंडात तो सविस्तरपणे कसाला लागला तो खंड युरोप होय. याचे कारण युरोपात वन्यजीवन विपुल आहे हे नव्हे. राजेरजवाड्यांच्या शिकारी वनांचे हिशेब, वस्तुसंग्रहालयांतील नमुने, पाद्री आणि शाळामास्तर यांच्यासारख्या हौशी निसर्गअभ्यासकांच्या नोंदवह्या आणि पुढे संघटितपणे होऊ लागलेल्या पक्षिगणना असा नोंदींचा मोठा साठा तेथे शतकानुशतके जमत गेला होता. काय गमावले याचा लेखी पुरावा असल्याशिवाय काय गमावले जाऊ शकते याचा अंदाज बांधता येत नाही.

या साठ्यातील सर्वांत बोलका भाग सोळाव्या शतकातील पोलंडचा आहे. आजच्या पाळीव गुराढोरांचा वन्य पूर्वज असलेला ऑरॉक्स हा महाकाय रानबैल एकेकाळी युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिका यांच्या मोठ्या भागात वावरत असे. परंतु जंगले तुटत गेली, चराऊ कुरणे शेतीखाली गेली आणि शिकार चालूच राहिली, तसतसा तो मागे हटत अखेर माझोव्हिया प्रांतातील याकतोरूफच्या वनात उरला. हे वन राजाच्या अखत्यारीत होते, ऑरॉक्सची शिकार हा राजाचा राखीव हक्क होता, आणि आसपासच्या गावकऱ्यांवर या प्राण्यांची राखण करण्याची व हिवाळ्यात त्यांना गवत पुरवण्याची जबाबदारी टाकून त्याच्या मोबदल्यात त्यांना इतर देण्यांतून सूट देण्यात आली होती. राजाचे अधिकारी ठरावीक काळाने वनाची पाहणी करीत आणि जनावरे मोजून त्यांची नोंद ठेवीत. या नोंदींनुसार १५६४ मध्ये ३८ ऑरॉक्स होते, १५९९ मध्ये २४ आणि १६०२ मध्ये अवघे ४, त्यांतही तीन बैल आणि एक गाय. १६२० मध्ये एकच गाय उरली होती आणि ती १६२७ मध्ये मेली. अखेरच्या बैलाच्या शिंगाचे मढवलेले शिकारशिंग स्वीडनने केलेल्या लुटीतून स्टॉकहोमला गेले आणि तेथील राजशस्त्रागाराच्या संग्रहात ते आजही आहे.

या पाहण्यांचे मोल त्यांच्या अपयशामुळे कमी होत नाही. एखाद्या वन्य जातीचा शेवट आकड्यांत, टप्प्याटप्प्याने आणि समकालीन साक्षीदारांच्या हातून नोंदवला गेल्याचे हे जगातील अगदी सुरुवातीचे उदाहरण आहे. संरक्षण होते, राखणदार होते, चारा होता आणि मोजणीही होती. नव्हती ती आकड्यांकडे ओघ म्हणून पाहण्याची दृष्टी. प्रत्येक पाहणीने ‘किती आहेत’ एवढेच सांगितले. ‘मागच्या वेळेपेक्षा किती वेगाने कमी झाले आणि हा वेग असाच राहिला तर किती वर्षे उरली’ असा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता. वनात गावाची गुरे चरत, त्यांच्यामुळे वन्य कळपाचा चारा कमी होई, आणि गुरांचे रोगही त्या कळपापर्यंत पोहोचू शकत. पण ही कारणे आणि ती संख्या यांची सांगड घालून वेळेत निर्णय घेणारी यंत्रणा उभी राहायला आणखी साडेतीन शतके जावी लागली.

विरळपणाकडे पाहण्याची जुनी दृष्टी किती घातक ठरू शकते, हे एकोणिसाव्या शतकात उत्तर अटलांटिकमधील ग्रेट ऑक या उडता न येणाऱ्या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या बाबतीत दिसले. मांस, चरबी आणि पिसे यांसाठी त्याच्या वसाहती उद्ध्वस्त झाल्या होत्या; पण पक्षी दुर्मीळ झाला तसा संग्राहकांच्या बाजारात त्याच्या कातड्याचा आणि अंड्याचा भाव चढला, आणि टंचाई हेच त्याला मारण्याचे नवे कारण बनले. जून १८४४ मध्ये आइसलँडजवळच्या एल्देय या खडकाळ बेटावर शेवटची ज्ञात जोडी मारली गेली, तीही संग्राहकासाठीच. १८५८ मध्ये आल्फ्रेड न्यूटन आणि जॉन वूली हे दोन इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ आइसलँडला गेले, ते पक्षी अजून सापडेल या आशेने. खवळलेल्या समुद्रामुळे त्यांना बेटावर उतरताच आले नाही. म्हणून त्यांनी त्या शिकारीत प्रत्यक्ष भाग घेतलेल्या माणसांना गाठून त्यांच्या जबान्या बारकाईने लिहून घेतल्या. नामशेष होणे ही केवळ भूगर्भातल्या जीवाश्मांची प्राचीन गोष्ट नसून जिवंत माणसांच्या स्मरणात आणि त्यांच्या हातून घडणारी प्रक्रिया आहे, ही जाणीव या चौकशीतून न्यूटनच्या मनात पक्की झाली. पुढे तो ब्रिटनमधील समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाच्या चळवळीत अग्रभागी राहिला आणि १८६९ मध्ये ब्रिटिश संसदेने विणीच्या हंगामात समुद्रपक्ष्यांना अभय देणारा कायदा केला. ज्या पक्ष्यांसाठी हा कायदा झाला ते तेव्हा विरळ नव्हते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. संख्या मोठी असतानाच घसरण रोखावी हा विचार त्यात बीजरूपाने होता.

विसाव्या शतकात युरोपीय बायसन या रानगव्यासारख्या प्राण्याने वेगळा धडा दिला. पहिल्या महायुद्धानंतरच्या धामधुमीत, १९१९ मध्ये, ब्याओव्हिएझाच्या अरण्यातून तो संपला आणि १९२७ मध्ये कॉकेशसमधूनही. उरले ते प्राणिसंग्रहालयांतले आणि खासगी वाड्यांतले मोजके प्राणी. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रत्येक प्राण्याची वंशावळ नोंदवायला सुरुवात केली. आजचा शुद्ध वंशाचा सगळा कळप अवघ्या १२ पूर्वजांपासून उतरला आहे, हे त्या वंशावळीमुळेच सांगता येते. १९५२ मध्ये ब्याओव्हिएझात बायसन पुन्हा मोकळे सोडले गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या विखुरलेल्या प्रयत्नांना जागतिक चौकट मिळाली. १९४८ मध्ये फ्रान्समधील फोंतेनब्लो येथे निसर्गसंरक्षणाची जी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तीच पुढे आययूसीएन या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी भरलेल्या परिषदेत तातडीने रक्षण हव्या असलेल्या १४ सस्तन प्राण्यांची आणि १३ पक्ष्यांची यादी करण्यात आली. साऱ्या पृथ्वीसाठी २७ नावे, हा आकडाच त्या काळचे अज्ञान दाखवतो. १९६० च्या दशकात पीटर स्कॉट यांच्या पुढाकाराने ‘रेड डेटा बुक’ म्हणजे धोक्यातील जातींचे नोंदपुस्तक आकाराला आले आणि १९६६ पासून त्याचे खंड निघू लागले. पाने सुटी होती, कारण नवी माहिती येताच जुने पान काढून नवे घालता यावे. ही साधी सोय विचाराच्या दृष्टीने महत्त्वाची होती, कारण जातीची स्थिती कायमची ठरलेली नसून ती पुन्हा पुन्हा तपासावी लागते, हे तिने गृहीत धरले होते. युरोपातील देशांनी हाच नमुना आपापल्या सीमांपुरता उचलला. पश्चिम जर्मनीत १९७१ मध्ये पक्ष्यांची, तर ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये वनस्पतींची लाल यादी निघाली, आणि सोव्हिएत संघाचे लाल पुस्तक १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

संपूर्ण खंडाकडे एकत्र पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न वनस्पतींच्या बाबतीत झाला, आणि तो होऊ शकला तो आधी पायाभूत काम झाले होते म्हणून. १९६४ ते १९८० या काळात पाच खंडांत निघालेल्या ‘फ्लोरा युरोपिआ’ या ग्रंथाने युरोपातील वनस्पतींची नावे आणि त्यांचा भौगोलिक विस्तार यांची एकसूत्री मांडणी केली. तोपर्यंत एकाच वनस्पतीला निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी ओळखले जाई, त्यामुळे ती खंडभर किती उरली हा प्रश्न विचारणेच अशक्य होते. या ग्रंथाच्या आधाराने लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानात काम करणाऱ्या समितीने तयार केलेली युरोपातील विरळ, धोक्यातील आणि स्थानिक वनस्पतींची यादी युरोप परिषदेने १९७७ मध्ये प्रकाशित केली. वर्गीकरणाचे कंटाळवाणे वाटणारे काम संरक्षणाच्या आधी करावेच लागते, हे या घटनाक्रमातून स्पष्ट होते. आणि ज्या प्राणिगटांचे असे काम झाले नव्हते, ते गट पुढची कित्येक वर्षे अंधारात राहिले.

तरीही या सर्व याद्यांमध्ये एक मूलभूत उणीव होती. जातीला ‘धोक्यात’ म्हणायचे की ‘विरळ’, हे तज्ज्ञाच्या अनुभवजन्य मतावर अवलंबून असे. एका तज्ज्ञाचा ‘धोका’ दुसऱ्याच्या लेखी ‘चिंता’ असू शकत होता, आणि आपल्या अभ्यासाच्या जातीकडे निधी वळावा या समजण्याजोग्या इच्छेचाही निर्णयावर परिणाम होऊ शकत होता. १९९१ मध्ये जॉर्जिना मेस आणि रसेल लँडे यांनी एका शोधनिबंधात सुचवले की, वर्गवारीचा अर्थ ‘ठरावीक काळात नामशेष होण्याची शक्यता’ असा बांधावा आणि ती शक्यता मोजता येणाऱ्या निकषांनी ओळखावी. या सूचनेवर बरीच चर्चा आणि चाचण्या होऊन आययूसीएनने १९९४ मध्ये नवे निकष स्वीकारले, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची सुधारित आवृत्ती आजही वापरात आहे.

या पद्धतीत धोक्याच्या तीन पायऱ्या आहेत : अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित. पाचपैकी एक निकष पूर्ण झाला तरी जाती त्या पायरीवर जाते. पहिला निकष घटीचा आहे. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या सर्वसाधारणपणे ८० टक्क्यांनी घटली तर जाती अतिसंकटग्रस्त, ५० टक्क्यांनी घटली तर संकटग्रस्त आणि ३० टक्क्यांनी घटली तर असुरक्षित मानली जाते. दुसरा निकष विस्ताराचा असला, तरी केवळ क्षेत्र लहान असून भागत नाही. ते तुटक असणे, आक्रसत असणे किंवा तेथील संख्येत टोकाचे चढउतार होणे यांपैकी किमान दोन लक्षणे सोबत असावी लागतात. तिसरा निकष लहान आणि घटती संख्या, चौथा अत्यंत लहान संख्या आणि पाचवा गणिती प्रतिमानाने काढलेली नामशेष होण्याची शक्यता यांविषयी आहे. चौथ्या निकषानुसार प्रजननक्षम प्राणी ५० हून कमी असले की जाती अतिसंकटग्रस्त ठरते, म्हणजे याकतोरूफचा कळप १५६४ च्या पाहणीतच या पायरीवर पोहोचला होता. तथापि या पद्धतीतला क्रांतिकारक भाग पहिला निकष हाच म्हटला पाहिजे, कारण त्यामुळे कोट्यवधींच्या संख्येत असलेली जातीही, ती पुरेशा वेगाने ओसरत असेल तर, धोक्यात गणली जाऊ लागली. साहजिकच या निकषावर वादही झाले. विपुल जातीला संकटग्रस्त म्हणणे ही अतिशयोक्ती आहे असे अनेकांना वाटले. युरोपातून पुढे आलेल्या पुराव्याने हा आक्षेप बराच सौम्य केला.

तो पुरावा पक्ष्यांचा होता. १९९४ मध्येच बर्डलाइफ इंटरनॅशनल या संस्थेने ग्रॅहम टकर आणि मेलनी हीथ यांनी संपादित केलेले ‘बर्ड्स इन युरोप’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. देशोदेशींच्या पक्षिगणकांकडून प्रत्येक जातीची संख्या आणि १९७० ते १९९० या काळातील तिचा कल मागवून हे आकडे एकत्र केले होते, आणि निष्कर्ष असा निघाला की युरोपातील १९५ जाती, म्हणजे ३८ टक्के, संरक्षणाच्या दृष्टीने चिंतेच्या आहेत. २००४ च्या आवृत्तीत हा आकडा २२६ जातींवर, म्हणजे ४३ टक्क्यांवर गेला. यात गरुड, गिधाडे यांसारख्या अपेक्षित नावांबरोबरच चंडोलासारखे शेतशिवारातले नित्याचे पक्षी होते. टर्टल डव्ह हा युरोपीय होला १९८० पासूनच्या साधारण तीन दशकांत तीन-चतुर्थांशाहून अधिक घटला आणि २०१५ मध्ये आययूसीएनच्या जागतिक यादीत असुरक्षित ठरला. कारणे शोधताना अभ्यासकांची नजर बंदुकीवरून शेतीकडे वळली. कुंपणझुडपे काढून जोडलेली मोठी शेते, पडीक ठेवलेल्या जमिनीचा अंत, वसंतात पेरायच्या पिकांऐवजी शरदात पेरली जाणारी पिके, आणि तण व कीटक दोन्ही संपवणारी रसायने यांनी या पक्ष्यांचे खाद्य आणि घरटी करण्याच्या जागा एकाच वेळी हिरावून घेतल्या. एकही वन न तोडता, एकही गोळी न झाडता एक संपूर्ण पक्षिसमाज क्षीण होऊ शकतो, हे या गणनांनी जगापुढे मांडले, आणि खंडाच्या पातळीवरील मूल्यमापनाची ही सर्वांत मोठी देणगी मानावी लागते.

मात्र ‘खंड’ ही चौकट स्वतःच एक अडचण आहे. निकष मुळात साऱ्या पृथ्वीवरील संख्येसाठी आखलेले होते. एखाद्या प्रदेशापुरते ते लावायचे तर सीमेपलीकडून येणाऱ्या प्राण्यांचा विचार करावा लागतो, कारण शेजारच्या प्रदेशात भरपूर संख्या असेल तर इथली घट तेथून भरून निघू शकते आणि धोका एक पायरी खाली धरता येतो. आययूसीएनने २००३ मध्ये यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक नियम केले. पुढे तयार झालेल्या युरोपीय लाल यादीसाठी खंडाची सीमा पश्चिमेला आइसलँडपासून पूर्वेला उरल पर्वतापर्यंत आणि उत्तरेला फ्रान्झ जोसेफ द्वीपसमूहापासून दक्षिणेला कॅनरी बेटांपर्यंत धरली गेली, कॉकेशस वगळला गेला, आणि युरोपीय संघाच्या सदस्य देशांपुरते दुसरे मूल्यमापन वेगळे करण्यात आले. पक्ष्यांना या रेषा अर्थातच ठाऊक नाहीत. बाल्कन प्रदेशात आणि ग्रीसमध्ये वीण करणारा काळ्या डोक्याचा भारीट हिवाळा घालवायला पश्चिम आणि मध्य भारतात येतो आणि महाराष्ट्राच्या पठारावर ज्वारीच्या शिवारात त्याचे थवे उतरतात. त्याच्या युरोपातील भवितव्याचा एक भाग दख्खनच्या शेतीपद्धतीवर अवलंबून आहे, आणि तो युरोपच्या सीमेत काढलेल्या कोणत्याही आकड्यात पूर्णपणे मावत नाही.

२००१ मध्ये गोथेनबर्ग येथे युरोपीय संघाच्या नेत्यांनी जैवविविधतेचा ऱ्हास २०१० पर्यंत थांबवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. ते गाठले जात आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी कुठे उभे आहोत हे ठाऊक हवे, या गरजेतून युरोपीय आयोगाच्या पाठबळावर युरोपीय लाल यादीचे काम सुरू झाले. २००७ मध्ये सस्तन प्राण्यांचा अहवाल आला. त्यात १५ टक्के जाती धोक्यात होत्या, २७ टक्के जातींची संख्या घटत होती आणि केवळ ८ टक्क्यांची वाढत होती. त्यानंतर उभयचर, सरपटणारे प्राणी, चतुर, फुलपाखरे आणि जुन्या लाकडावर जगणारे भुंगेरे यांचे अहवाल आले. २०११ मध्ये पाण्याकडे लक्ष गेले, तेव्हा चित्र अधिक गंभीर दिसले. गोड्या पाण्यातील ३७ टक्के मासे आणि ४४ टक्के गोगलगायी व शिंपले धोक्यात होते. धरणे, उपसा आणि प्रदूषण यांचा भार जमिनीवरच्या प्राण्यांपेक्षा नदीतल्या जीवांवर अधिक पडला होता, आणि त्यांच्याकडे पाहणारे हौशी निरीक्षक मात्र फार थोडे होते. २०१९ मध्ये तपासलेल्या ४५४ देशी वृक्षजातींपैकी ४२ टक्के धोक्यात आढळल्या.

रानमधमाश्यांचा २०१४ मधील अहवाल या पद्धतीचा प्रामाणिकपणा आणि मर्यादा दोन्ही दाखवतो. विचारात घेतलेल्या १,९६५ जातींपैकी १,१०१ जातींबद्दल निर्णय करण्याइतकी माहितीच नव्हती, म्हणून त्या ‘माहिती अपुरी’ या वर्गात ठेवाव्या लागल्या. ७७ जाती धोक्यात ठरल्या. माहिती असलेल्या जातींशी प्रमाण काढले तर हे ९.२ टक्के होतात. माहिती नसलेली एकही जाती धोक्यात नाही असे मानले तर सुमारे ४ टक्के, आणि त्या सगळ्याच धोक्यात आहेत असे मानले तर सुमारे ६१ टक्के. चार आणि एकसष्ट यांमधील हे अंतर अहवालाने लपवले नाही. वृत्तपत्रांना एकच आकडा हवा असतो, पण शास्त्राचे मोठेपण अशा वेळी अज्ञानाची रुंदी सांगण्यात असते. २०२५ मध्ये हेच मूल्यमापन पुन्हा झाले, तेव्हा धोक्यातील जातींची संख्या १७२ निघाली. या वाढीचा काही भाग खरा ऱ्हास आहे, तर काही भाग पूर्वी न दिसलेल्या ऱ्हासाचे उशिरा आलेले ज्ञान आहे. दोहोंना वेगळे करणे हे मूल्यमापन करणाऱ्यांपुढील सर्वांत अवघड काम असते.

यादीला स्वतःचे कायदेशीर बळ नाही. युरोपीय संघात संरक्षण मिळते ते १९७९ च्या पक्षी निर्देशामुळे आणि १९९२ च्या अधिवास निर्देशामुळे, आणि त्यांच्या परिशिष्टांतील नावे लाल यादी बदलली म्हणून आपोआप बदलत नाहीत. कायदा असूनही काय होते याचे उदाहरण हॅम्स्टर या शेतात बिळे करून राहणाऱ्या उंदराच्या जातभाईचे आहे. एकेकाळी कातड्यासाठी त्याला लाखोंनी मारले जाई आणि शेतकरी त्याला उपद्रवीच मानत. फ्रान्सच्या अल्सास भागात तो इतका घटला की पुरेसे संरक्षण न दिल्याबद्दल २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने फ्रान्सविरुद्ध निकाल दिला. स्ट्रासबुर्गच्या संशोधकांना प्रयोगात असे आढळले की मुख्यतः मक्यावर पोसलेल्या माद्या ब-३ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे आपलीच पिले खातात. मक्याची सलग शेते म्हणजे भरपूर अन्न असूनही उपासमारच होती. पूर्वी मादीला वर्षाला वीसहून अधिक पिले होत, आता ती पाच-सहावर आली आहेत. २०२० मध्ये ही जाती जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त ठरली. हॅम्स्टर तेव्हाही विरळ प्राण्यांच्या जुन्या कल्पनेत बसत नव्हता; त्याला तेथे नेले ते घटीच्या निकषाने.

उलट दिशेचा प्रवासही याच निकषांनी नोंदवला आहे. स्पेन आणि पोर्तुगालमधील आयबेरियन लिंक्स या रानमांजराची प्रौढ संख्या २००१ मध्ये ६२ होती. ससे वाढवणे, अधिवास जोडणे आणि बंदिस्त प्रजननातून जन्मलेली पिले सोडणे या प्रयत्नांनंतर ती २०२२ मध्ये ६४८ झाली आणि २०२४ मध्ये जाती ‘असुरक्षित’ या सौम्य पायरीवर आली. बायसनही २०२० मध्ये असुरक्षित वर्गातून धोक्याच्या तिन्ही पायऱ्यांबाहेरच्या ‘संकटसमीप’ वर्गात आला. २००३ मधील सुमारे १,८०० मुक्त प्राण्यांवरून २०१९ पर्यंत त्यांची संख्या ६,२०० च्या पुढे गेली होती. या यशांत एक साम्य दिसते : दोन्ही प्राणी मोठे, ओळखीचे आणि लोकांना प्रिय आहेत, आणि त्यांच्या घटीची कारणे एका प्रदेशापुरती हाताळता येण्याजोगी होती. शेतीच्या रचनेतच रुजलेल्या कारणांवर असा विजय अजून मिळालेला नाही.

२०२३ मध्ये तोवरच्या सर्व युरोपीय मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यातील १४,६६९ जातींपैकी २,८३९ धोक्यात होत्या आणि कारणांमध्ये शेतजमिनीच्या वापरातील बदल सर्वांत वरचे होते. २०२५ मध्ये मडेराच्या बेटावरील एक पांढरे फुलपाखरू जागतिक पातळीवर नामशेष म्हणून नोंदले गेले. त्याच वर्षी बारीक चोचीचा कर्ल्यू हा पाणथळीचा पक्षीही त्या वर्गात गेला. सायबेरियात वीण करून युरोपमार्गे भूमध्य समुद्राकाठी येणाऱ्या या पक्ष्याचे अखेरचे निर्विवाद दर्शन फेब्रुवारी १९९५ मध्ये मोरोक्कोच्या मेर्जा झेर्गा सरोवरावर झाले होते. नामशेष ठरवायला लागलेली तीस वर्षे हा दप्तरदिरंगाईचा प्रकार नव्हता. शेवटचा पक्षी गेला यात रास्त शंका उरू नये, हा निकषाचाच आग्रह आहे. मात्र बुरशी, कोळी आणि बहुसंख्य माशा व भुंगेरे या मोठ्या गटांचे खंडव्यापी मूल्यमापन अजून बाकी आहे, आणि त्यांच्या बाबतीत किती जाती नोंद होण्याआधीच ओसरल्या, हे सांगणारी याकतोरूफसारखी पाहणीची वही कोणत्याही दप्तरात नाही.